सोलापुरात रिटायर्ड मिलिटरी ऑफिसर लोकांची संघटना: वडिलांना पाठवू का? नक्की चालतं काय तिथं?

विजापूररोडकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

वडील आर्मीत होते, आर्टिलरी, 2009 ला लेफ्टनंट कर्नल म्हणून रिटायर झाले. मूळ गाव बार्शी तालुक्यातलं पण तिथं आता भिंती तेवढ्या उरल्यात, त्यामुळं आई-बाबा पुण्यात वानवडीलाच राहिले. मागच्या वर्षी आई गेली आणि मी त्यांना इकडं जुळे सोलापुरात घेऊन आलो. आले खरे पण इथं त्यांचं कोणीच नाही. पुण्यात दूध आणायला गेलं तरी कोर्समेट नाहीतर कोर्समेटची बायको भेटायची, कमांड हॉस्पिटलच्या लायनीत तर अर्धी रेजिमेंट. इथं माणूस पहाटे साडेपाचला उठतो, दाढी करतो, बूट पॉलिश करतो आणि आठ वाजेपर्यंत पेपरची वाट बघत बसतो. खाली पार्किंगमधले काका भेटले की एकच प्रश्न, कर्नलसाहेब, घरी बंदूक आहे का.

त्यात डाव्या कानानं फारसं ऐकू येत नाही, तोफांची देणगी, त्यामुळं चारचौघात बसायचं तर डावा कान भिंतीकडं करून बसता येईल अशीच जागा बघतात आणि नाही मिळाली तर उठून येतात. लोकांना वाटतं साहेब अकडू आहेत. थोडे आहेतही, खोटं कशाला बोलू.

तर सात रस्त्याजवळ आमचा एक मेडिकलवाला आहे, त्यानं सांगितलं की रिटायर्ड ऑफिसर लोकांची संघटना आहे, महिन्याच्या पहिल्या रविवारी मीटिंग असते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "काय करू तिथं जाऊन? शाल घेऊन येऊ? दोन आहेत घरात."

कोणाच्या घरचे जातात का? नक्की काय चालतं, भाषणंच असतात का काही काम पण असतं? फक्त ऑफिसर असतात का जवान पण? बाबांना जवानांबद्दल काही नाही, उलट जास्तच माया, पण त्यांना 'कोण कुठं बसणार' याचं लई असतं. सांगा प्लीज.


मोहोळचा फौजी

जयहिंद. साहेबांना पण माझा जयहिंद सांगा. मी मराठा लाईट इन्फंट्री, सुभेदार म्हणून 2015 ला पेन्शन आलो.

पहिलं हे ध्यानात घ्या की सोलापुरात नुसत्या ऑफिसर लोकांवर संघटना चालंल एवढे ऑफिसर हायत कुठं. आपला जिल्हा जवान देणारा, माढा म्हणा करमाळा म्हणा सांगोला म्हणा, गावात शिरलं की नाईक-हवालदार भेटतील, आणि त्यातनं कुणाचं पोरगं ऑफिसर झालंच तर ते रिटायर होऊन पुण्यात फ्लॅट घेतंय. तुमचे वडील उलटे आले म्हणून म्हणलं लिहावं. तर संघटना नावाला अधिकाऱ्यांची हाय, सतरंजी सगळे मिळून टाकतात. ऑफिसर लोक पुढच्या लायनीत बसतात हे खरं हाय, कुणी बसा म्हणत नाही, आपोआपच तसं होतंय, आम्हीच ती लायन रिकामी सोडतो. हाडात बसलेलं असतंय ते.

मीटिंगमधी काय होतंय तर आधी हजेरी, मग त्या महिन्यात जे गेले त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं (हे दर महिन्याला लागतंच बघा, 71 ची लढाई लढलेले आता किती उरलेत), मग स्पर्श (आमच्या पेन्शनचं ऑनलाईन पोर्टल), ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना), घरपट्टी, कुणाच्या पोरीचं लग्न. राज्याची 2020 ची माजी सैनिकांच्या घरपट्टी माफीची योजना हाय, एका घरापुरती, त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतोय, ते आमच्यातल्या निम्म्या लोकांना संघटनेतच कळलं. मला पण. तोवर मी भरत होतो गपगुमान.

कार्यक्रम म्हणाल तर जानेवारी म्हणजे आमची परीक्षाच असती. 12 ला चार हुतात्म्यांचा दिवस, 1931 ला त्यांना येरवड्यात फाशी दिली, तो सोलापूरकराला सोडून चालत नाही, सकाळी सगळे हजर. 14 ला व्हेटरन्स डे, फील्ड मार्शल करिअप्पा 1953 ला त्याच दिवशी रिटायर झाले म्हणून. आता 14 तारखेला सोलापुरात काय असतंय ते तुम्हाला सांगायला नको. गड्डा! सिद्धेश्वराची जत्रा, नंदीध्वज, पांढरी बाराबंदी घातलेली सगळी दुनिया रस्त्यावर, गाडी न्यायला जागा नाही, आणि आमच्यातलेच चार जण मानाच्या काठीला. म्हणून आमचा व्हेटरन्स डे दरसाल 'पुढच्या रविवारी' होतोय. 15 ला आर्मी डे, त्याला एकमेकाला फोन करायचा, झालं. 26 ला झेंडावंदन. फेब्रुवारीत सगळे आजारी.

26 जुलैला कारगिल दिवस आणि 7 डिसेंबरला ध्वजदिन, हे दोन मात्र नीट होतात. साहेबांना पाठवा. भिंतीकडची खुर्ची मी धरून ठेवतो.


शेंगाचटणी

सुभेदारसाहेबांचा मान राखून दुसरी बाजू सांगतो. माझे काका जायचे, आता जात नाहीत.

कारण 1, व्हॉट्सअॅप ग्रुप. पहाटे चारपासून गुड मॉर्निंग, त्यात तिरंगा, त्यात गुलाब, त्यात सुविचार, आणि मग कोणीतरी वन रँक वन पेन्शनच्या तक्त्याचा 40 पानी पीडीएफ टाकणार जो आधीच सहा जणांनी टाकलेला असतो. OROP 1 जुलै 2014 पासून लागू, मग 2019 चं रिव्हिजन, मग 2024 चं, दर वेळी तेच भांडण की आमच्या रँकला तोटा झाला आणि त्यांच्या रँकला फायदा. काकांनी ग्रुप म्यूट केला तर दुसऱ्या दिवशी एकजण घरी आला, नाराज आहात का म्हणून. बे, म्यूट केलेलं कळतंच कसं यांना.

कारण 2, सत्कार. ज्यांनी आयुष्यभर सत्कार टाळला अशी माणसं रिटायर झाल्यावर सत्काराला का हपापतात मला कळत नाही. दोन तासाच्या कार्यक्रमात दीड तास 'यांचा सत्कार यांच्या हस्ते'. शेवटी ज्याचा सत्कार राहिला तो रुसणार आणि दुसरी संघटना काढणार. असं झालेलं आहे, मी नाव घेत नाही.

तुमच्या वडिलांचा शालीवरचा जोक मला पटला. तरी पण एकदा पाठवून बघा, चहा चांगला असतो तिथं.


लेफ्टनंट कर्नल मॅडम

हँडल मुलीनं ठेवलंय, मला बदलता येत नाही.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते. पठाणकोट, लखनौ, जोधपूर, पुणे असं सगळं करून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. माहेर सोलापूर, लष्कर भागातलं, म्हणजे गोऱ्यांच्या छावणीमुळं ज्या वस्तीचं नाव लष्कर पडलं तिथली मुलगी लष्करात गेली असं वडील सगळ्यांना सांगायचे. तर निवृत्त होऊन आल्यावर पहिल्यांदा या संघटनेत गेले, जानेवारी महिना होता. दारातल्या गृहस्थांनी फार अदबीनं सांगितलं, "ताई, हळदीकुंकू वरच्या मजल्यावर." मी म्हटलं मी मीटिंगला आलेय. "हो हो, साहेब आलेत का सोबत?" मी म्हटलं साहेब मीच. त्यांचा चेहरा अजून आठवतो, बिचाऱ्यांनी हातातला तिळगुळाचा डबा खाली ठेवून सॅल्यूट मारला.

हसण्यावारी नेलं पण लागलंही. वर गेले तर चाळीसएक बायका, त्यात दहा-बारा फौजीच्या विधवा, आणि त्यांना हळदीकुंकू लावायचं का नाही यावर कुजबुज चाललेली. मी करंडा उचलला आणि सुरुवात त्यांच्यापासूनच केली. युनिफॉर्मची सवय अशा वेळी उपयोगी पडते, कोणी ब्र काढला नाही. पुढच्या वर्षीपासून तिळगूळ आणि वाण असतं, हळदीकुंकू हा शब्दच काढून टाकलाय, आणि वाण म्हणून प्लास्टिकचे डबे न देता एक फाईल देतो. साधी बटणवाली फाईल, त्यात डिस्चार्ज बुकची झेरॉक्स, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आधार, पॅन, बँकेचं पहिलं पान, जॉइंट फोटो. नवरा जिवंत असतानाच भरून घ्यायची. कपाटाची किल्ली कुठंय हे बायकोला माहीत असतं पण पीपीओ नंबर माहीत नसतो, हे मी शंभर घरात पाहिलं.

तुमच्या वडिलांच्या कानाबद्दल. ईसीएचएसचं कार्ड आहे ना? 2003 पासूनची योजना आहे, श्रवणयंत्र त्यात बसतं, पॉलिक्लिनिकमधून ईएनटीचं रेफरल घ्यायला सांगा. तोफखान्यातले लोक 'मला ऐकू येतं' म्हणण्यात पटाईत असतात. ऐकू येत नाही म्हणूनच ते लोकांत बसत नाहीत, अकडू म्हणून नव्हे.

शेंगाचटणी, चहाचं श्रेय आमच्या वरच्या मजल्याला आहे.


शेंगाचटणी

मॅडम, सपशेल माघार. फाईलचं वाण हे मी आमच्या सोसायटीत पण सुरू करायला सांगतो, त्याला फौजी असायची काय गरज.


एक रिटायर्ड मेजर

कमिटीत आहे म्हणून थोडं अधिकृत, थोडं अनधिकृत लिहितो.

जवान असतात का, या प्रश्नावर आमच्याकडं महाभारत होऊन गेलंय. मूळ घटनेत लिहिलं होतं 'निवृत्त कमिशन्ड ऑफिसर'. मग एक ऑनररी कॅप्टन आले सदस्यत्व मागायला. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जेसीओ लोकांना, म्हणजे नायब सुभेदार-सुभेदार वगैरेंना, सर्व्हिसच्या शेवटी 26 जानेवारी नाहीतर 15 ऑगस्टच्या यादीत ऑनररी लेफ्टनंट, ऑनररी कॅप्टन अशी रँक मिळते, फार थोड्यांना मिळते आणि त्यामागं अठ्ठावीस-तीस वर्षांची चाकरी असते. एक सभासद म्हणाले ऑनररी म्हणजे मानद, मानद म्हणजे खरं नाही. त्यावर ते कॅप्टन शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही शॉर्ट सर्व्हिसमधून दहा वर्षांत बाहेर आलात, मी सियाचीन दोनदा केलं, मानद कोण ते तुम्हीच ठरवा." (ते शॉर्ट सर्व्हिसवाले म्हणजे मी नव्हे. पण मी पण शॉर्ट सर्व्हिसच, त्यामुळं गप्प बसलो.) चार मीटिंगा यावर गेल्या. शेवटी अट काढून टाकली, सगळ्या रँकला सभासदत्व, पण नाव तेच ठेवलं, कारण नाव बदलायचं म्हणजे परत धर्मादाय आयुक्तांकडं जा, परत शिक्के, परत पाटी, आणि पाटी तर नुकतीच रंगवली होती.

हे रजिस्ट्रेशन प्रकरण पण नवीन संघटना काढायच्या आधी लोकांनी समजून घ्यावं. सोसायटीला सात माणसं लागतात ती मिळतात, उत्साहाच्या भरात सतरा मिळतात. पुढचं कोण करणार? दरवर्षी ऑडिट, कमिटी बदलली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट. आमच्या एका जुन्या कमिटीनं तो दिलाच नाही, परिणाम असा की बँकेत कितीतरी दिवस सह्या जुन्याच तिघांच्या चालू होत्या आणि त्यातले एक वारलेले. ब्रिज उडवायचं ट्रेनिंग घेतलेली माणसं आम्ही, एक चेंज रिपोर्ट देता येत नव्हता.

आता माझ्या आवडीचं. रविवारी दुपारी चारला माझ्या गच्चीवर एसएसबीची, म्हणजे ऑफिसर निवडीच्या मुलाखतीची, तयारी घेतो, फुकट, आठ-दहा मुलंमुली येतात. एनडीए, सीडीएसची लेखी निघते हो आपल्या मुलांची, गणित चांगलं असतं, अडतं ते एसएसबीच्या पाच दिवसांत. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग, त्यात एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मी पडद्यावर चित्र लावलं, एक माणूस झाडाखाली बसलाय, लांब दोघे उभे. दहापैकी सात गोष्टींत तो माणूस गावात रक्तदान शिबिर घेत होता. म्हटलं अरे हे कोणी शिकवलं? क्लासवाल्यांनी. आठवी गोष्ट पापरीच्या एका मुलीची, तिनं लिहिलं की बोअर मारायचं ठरलंय आणि पाणाड्या जागा सांगतोय, उभे असलेल्या दोघा भावांचं भांडण आहे की बोअर कोणाच्या बांधाला घ्यायचं, आणि झाडाखालचा माणूस त्यांचा चुलता आहे, तो म्हणतो आधी खर्च कोण किती देणार ते बोला. मी तिला म्हटलं, बाई, तू हेच लिही, आयुष्यात रक्तदान लिहू नको.

ज्यांची लेखी निघालीय किंवा एनसीसीचं सी सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडचं आहे त्यांच्यासाठी नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्र पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, राहणं-जेवण-ट्रेनिंग विनामूल्य, प्रवेशासाठी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करायची. हे अजून कितीतरी कॉलेजांत पोचलेलं नाही. कर्नलसाहेबांना मला मॉक इंटरव्ह्यू बोर्डावर हवेत. मी लई मऊ आहे, मुलं मला घाबरत नाहीत.

आणि हो, अग्निवीरांची 2022 च्या भरतीची पहिली बॅच चार वर्षं पुरी करून परत येणार, त्यांतले जास्तीत जास्त 25 टक्के पुढं राहणार, बाकीची पंचवीस वर्षांच्या आतबाहेरची पोरं. पेन्शन नाही. ती आमच्या दारात आली तर सभासद करायचं का, यावर पुढचं महाभारत आत्ताच सुरू झालंय.


मंगळवेढ्याची सून

मी कधी लिहीत नाही इथं पण हे वाचून राहवलं नाही.

माझे सासरे महार रेजिमेंटला होते, नाईक. तीन वर्षांपूर्वी वारले, वय 71. सासूबाईंची फॅमिली पेन्शन सुरू करायला गेलो तर नावच जुळेना. रेकॉर्डला माहेरचं नाव, कारण सासऱ्यांनी भरती झाल्यावर पार्ट टू ऑर्डरला (फौजेतल्या घरच्या माहितीच्या नोंदीला) तेच दिलेलं, आणि आधारला तांदळात लिहिलेलं नाव. जन्मसाल तीन कागदांवर तीन. आम्ही एका सेतूवाल्याकडं गेलो, त्यानं पैसे घेतले आणि आधारवरचंच नाव बदलून टाकलं, म्हणजे आता बँकेत पण जुळेना! चार महिने असेच गेले. सासूबाई म्हणायच्या, मी कोण हाय हे मलाच आठवंना आता.

मग कोणीतरी या संघटनेचं सांगितलं. आम्ही एसटीनं गेलो, मनात धाकधूक की ऑफिसर लोक, आपल्याशी बोलतील का. तिथं टेबलावर एक हवालदार क्लर्क बसतात, रिटायर्ड. त्यांनी सगळे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि पहिलं काय केलं तर सासूबाईंना विचारलं, जेवलाय का. मग म्हणाले सागरला लिहावं लागेल. महार रेजिमेंटचं रेकॉर्ड मध्य प्रदेशात सागरला, मराठा असतं तर बेळगाव, तोफखाना असता तर नाशिक रोड, ज्याचं त्याचं रेकॉर्ड ज्याच्या त्याच्या ठिकाणी, हे आम्हाला कोण सांगणार होतं. दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, सैनिक कल्याणचं पत्र, जुना जॉइंट फोटो. फोटो नव्हताच, तर जत्रेत काढलेला एक सापडला, मागं ताजमहालचा पडदा आणि सासऱ्यांच्या डोळ्यावर गॉगल. तो चालणार नाही म्हणाले हवालदार, पण टाचणीनं जोडून ठेवला, म्हणाले असू दे, बघणाऱ्याला बरं वाटंल.

सात महिने लागले. पेन्शन चालू झाली, मागची थकबाकी पण आली. सासरे 67 च्या पुढं जाऊन वारले म्हणून साधी 30 टक्केवाली बसली, आधी गेले असते तर काही वर्षं 50 टक्के मिळाली असती, असं त्यांनीच समजावलं. सासूबाईंनी पहिल्या पेन्शनीतनं त्यांना मंगळवेढ्याची ज्वारी पाठवली दहा किलो. त्यांनी परत पाठवली. सासूबाईंनी परत पाठवली. शेवटी ती वरच्या मजल्यावर भाकरीला गेली म्हणे.

कर्नलसाहेबांना सांगा की तिथं एक टेबल आहे. भाषणं असतील नसतील.


विजापूररोडकर

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, म्हटलं काय झालं ते सांगून टाकावं, कारण जे झालं ते मी विचारलं त्यापेक्षा वेगळंच निघालं.

बाबांना मंगळवेढ्याच्या ताईंची पोस्ट वाचून दाखवली. काही बोलले नाहीत. रविवारी ब्लेझर घालून तयार, मेडल नाही लावली, रेजिमेंटचा टाय मात्र होता. फेब्रुवारीत सोलापुरात ब्लेझर म्हणजे तुम्ही समजू शकता. मी सोबत गेलो, स्कूटीवर बसणार नाही म्हणाले म्हणून रिक्षा.

मीटिंग दहाची, दहा वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाली. ती चाळीस मिनिटं मी कशी काढली माझं मला माहीत. बाबा घड्याळ बघायचे आणि मग माझ्याकडं, जणू मीच अध्यक्ष. भिंतीकडची खुर्ची खरंच धरून ठेवली होती, सुभेदारसाहेबांनी टोपी ठेवलेली तिच्यावर. (मान गये.) पुढची लायन रिकामी होती आणि बाबा तिसऱ्या लायनीत कोपऱ्यात बसले, त्यामुळं इतर तिघा ऑफिसरांची पंचाईत झाली की आता पुढं बसावं का मागं, ते पण उठून मागं आले, आणि पुढची लायन शेवटपर्यंत रिकामीच.

मीटिंग संपल्यावर सदस्यत्वाचा फॉर्म भरायला त्या टेबलापाशी गेलो. हवालदारसाहेबांनी पीपीओ नंबर लिहून घेतला आणि सहज विचारलं, "साहेब, हयातीचा दाखला झाला ना नोव्हेंबरचा?" बाबा म्हणाले डन, आणि मोबाईलवरचा मेसेज दाखवला, प्रमाण आयडीसकट. हवालदारांनी चष्मा कपाळावर नेला, दाखला उघडला, आणि जरा वेळानं हळूच, उजव्या कानाच्या बाजूला येऊन म्हणाले, "साहेब, पैसे यायलेत का?"

बाबा गप्प.

आले नव्हते. दोन महिने पेन्शन आली नव्हती आणि या माणसानं आम्हाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. पुण्याहून निघायच्या गडबडीत कोणाकडून तरी दाखला काढून घेतला, त्यानं डिस्बर्सिंग एजन्सीच्या, म्हणजे पेन्शन देणाऱ्याच्या, जागी जुनी बँक टाकली. स्पर्शवर गेलेल्या पेन्शनरला तिथं 'स्पर्श पीसीडीए पेन्शन्स अलाहाबाद' (संरक्षण खात्याचं पेन्शन ऑफिस) हेच निवडायचं असतं, शहराचं नाव प्रयागराज झालं तरी यादीत अलाहाबाद शोधायचं, आणि सँक्शनिंग अथॉरिटीत, म्हणजे मंजुरी देणाऱ्याच्या जागी, डिफेन्सवालं पीसीडीए. बँक टाकली की दाखला निघतो, मेसेज येतो, फक्त तो पोचायचा तिथं पोचत नाही. हे इथं मुद्दाम लिहितोय, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

हवालदारांनी तिथंच आधारच्या फेस अॅपवर नवीन काढायला घेतला. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते. बाबा खुर्चीत सावधान बसले, हनुवटी वर, नजर समोर, आणि पापणी हलेना. एकदा फेल. दोनदा फेल. हवालदार म्हणाले, "साहेब, पापणी." बाबा म्हणाले, "आय अॅम." तिसऱ्यांदा फेल. मागं दहा-बारा माणसं जमलेली, कोणाची हसायची हिंमत होईना. शेवटी मोहोळचे सुभेदार मागून ओरडले, "साहेब, आरामसे!" आणि बाबा फिस्सकन हसले, डोळे मिटले, उघडले, झाला दाखला. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, पण ते असो.

रिक्षात बसल्यापासून घरी येईपर्यंत एकच विषय, मीटिंग चाळीस मिनिटं उशिरा का सुरू झाली. संध्याकाळी अध्यक्षांना दोन पानी पत्र लिहिलं, इंग्रजीत, सात मुद्दे. मेजरसाहेबांच्या गच्चीवर परवाच्या रविवारी जाऊन आले, मुलं घाबरली म्हणे. श्रवणयंत्राचं अजून नाहीच म्हणतायत, मॅडम तुम्हीच एकदा बोला. पेन्शन मात्र काल आली, मागच्यासकट.


लेफ्टनंट कर्नल मॅडम

पहिल्या रविवारी बघते त्यांच्याकडं. रँक सारखीच आहे, सीनियॉरिटी निघाली तरी पेशंट तो पेशंट.


एक रिटायर्ड मेजर

पत्र मिळालं. मुद्दा क्रमांक चार (चहा मीटिंगनंतर द्यावा, आधी नव्हे) यावर वरच्या मजल्याची हरकत आहे. बाकी सहा मंजूर.


मोहोळचा फौजी

टायमाचं आम्ही ठरवलंय. पुढच्या महिन्यापासनं बाकी सगळ्यांना सव्वानऊ सांगणार आणि साहेबांना दहा. तुम्ही फक्त त्यांना हे वाचून दाखवू नका.